दह्याचं बालंट

मनूची पहिली पातळ शी झाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि खाली पार्किंगमधलं पाणी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर आलं होतं. दोन्ही गोष्टी मी मोबाईलच्या टॉर्चमध्येच बघितल्या त्यामुळे अजूनही डोक्यात त्या एकमेकींत अडकून बसल्यात, एक आठवली की दुसरी येतेच.

२०२४ चा ऑगस्ट. बडोद्याच्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. सोमवारी गोकुळाष्टमी होती, पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता आणि मंगळवारी विश्वामित्री नदी जी चढली ती पस्तीस फुटांच्या वर गेली, मग लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या ते सगळं तुम्ही व्हॉट्सअ‍ॅपवर बघितलं असेलच. आमचा फ्लॅट अकोट्यात, दुसऱ्या मजल्यावर. सयाजीरावांनी शहराला प्यायचं पाणी मिळावं म्हणून आजव्याचा तलाव बांधला, शाळेत आम्हाला हे केवढ्या कौतुकाने शिकवलं होतं, आणि त्याच आजव्यातून सुटलेलं पाणी विश्वामित्रीतून आमच्या खालच्या पाण्याच्या टाकीत शिरलं आणि प्यायला घरात थेंब उरेना. लाईट गेलेली, म्हणजे पंप बंद, आरओ बंद. घरात एक वीस लिटरचा जार, तोही अर्ध्याच्या खाली आलेला. माणसं सात. आम्ही तिघं, मनू, आणि तळमजल्यावरच्या मासी, त्यांचे मिस्टर आणि मुलगा, त्यांचं घर तर बिचाऱ्यांचं कपाटाच्या वरच्या फळीपर्यंत भिजलं होतं.

मनू तेव्हा सात महिन्यांची. आता ती दोन वर्षांची होऊन गेलीय आणि हे सगळं मी आज लिहितेय कारण परवा माझ्या मावसबहिणीचा फोन आला, तिच्या बाळाला जुलाब होतायत आणि घरात सगळे म्हणतायत अंगावरचं बंद कर. मी अर्धा तास बोलले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की अजून अर्ध्याच्या वर राहिलंच.

तर, अंगावर पिणाऱ्या बाळाची शी तशीही पातळच असते, मोहरी वाटून ठेवल्यासारखी पिवळी, मधेमधे दाणे. त्यामुळे पहिल्या वेळी मी फारसं मनावर घेतलं नाही. दुसरी अर्ध्या तासाने झाली. ती हिरवट होती आणि नुसतं पाणी, डायपरने शोषून घेतलं आणि वर फक्त कडेला एक रिंगण राहिलं. वास आंबट. तिसरीच्या आधी तिने प्यायलेलं सगळं माझ्या खांद्यावरून पाठीवर ओकलं, गरम गरम, गाऊनच्या आतून कमरेपर्यंत गेलं. तेव्हा मात्र मी नवऱ्याला उठवलं.

आणि आई उठल्या. आई म्हणजे सासूबाई. त्यांनी टॉर्च डायपरवर धरला, बघितलं, मग टॉर्च माझ्या तोंडावर धरला आणि म्हणाल्या, "काल्यातलं दही खाल्लंस ना तू?"

खाल्लं होतं. अष्टमीच्या रात्री जन्म झाल्यावर काला केला होता, दही, पोहे, लाह्या, काकडी, आंब्याच्या लोणच्याचा खार, आणि मी चांगली दोन वाट्या खाल्ला होता कारण पाजणाऱ्या बाईला जी भूक लागते ती काय असते हे जिला माहीत आहे तिला माहीत आहे. झालं. दह्याचं बालंट माझ्यावर आलं ते आजपर्यंत उतरलेलं नाही.

आपल्याकडे ना, मूल अंगावर पीत असलं की त्याला काही झालं तरी पहिली झडती आईच्या ताटाची होते. सर्दी झाली, तू केळं खाल्लंस. पोट दुखतंय, तू वाल खाल्लेस. अंगावर पुरळ आलं, वांगं. नऊ महिने आणि वर सात महिने मी जे जे गिळलं त्याचा हिशोब कुणीतरी ठेवतंय असं मला कायम वाटायचं. नंतर डॉक्टरांनाच विचारलं तर हसून म्हणाले की दूध रक्तातून तयार होतं, तुमच्या पोटातलं दही काही नळीने तिकडे जात नाही. जुलाबाचे जंतू बाळाच्या तोंडातून जातात, हातावरून, खेळण्यावरून, पाण्यातून. अष्टमीला घरात पंधरावीस माणसं येऊन गेली होती आणि प्रत्येकाने मनूचे मुके घेतले होते, कुणीतरी कौतुकाने तिच्या जिभेला सुंठवड्याचं बोट पण लावलं होतं. पण त्या पंधरावीस जणांना कुणी टॉर्च मारला नाही.

रात्री एक वाजता सभा भरली. मासींनी मनूच्या कपाळावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाल्या, "धावण बंध करी दे, बेटा, झाडा एनी मेळे बंध थई जशे." आईंचं म्हणणं तेच, मराठीत. पाजणं बंद कर, जुलाब आपोआप थांबतील. एक दिवस पोटाला आराम दे, नुसतं भाताच्या पेजेचं पाणी. आणि हे मी मुद्दाम लिहितेय, आई अडाणी नाहीत, बी.एस्सी. आहेत, आणि हे त्यांनी मनाने काढलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला १९८७ मध्ये असेच जुलाब झाले होते तेव्हा त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं, चोवीस तास दूध बंद. त्या काळी सांगायचेच तसं. आतड्यांना विश्रांती. त्यांनी चोवीस तास तो आक्रोश ऐकला होता, पदरात दूध गळत असताना, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. आता मी म्हणणार की ते चुकीचं होतं? रात्री एक वाजता? टॉर्चच्या उजेडात?

मी काही बोलले नाही. मनू रडायला लागली आणि मला पान्हा फुटला, त्यावर तर आपला काही कंट्रोल नसतो, मी तिला घेऊन आतल्या खोलीत गेले आणि पाजलं. बाहेर कुजबुज चालू. पाच मिनिटांनी तिने परत ओकलं. बाहेर कुजबुज थांबली, ते जास्त वाईट होतं.

नेटवर्क कधी एक काडी, कधी नाही. पहाटे पाचला गॅलरीच्या कोपऱ्यात उभं राहून आमच्या बालरोगतज्ज्ञांना फोन लागला. एवढ्या पहाटे उचलतील असं वाटलं नव्हतं पण उचलला, त्यांच्याही सोसायटीत पाणी होतं म्हणे, जागेच होते. मी सगळं सांगून शेवटी विचारलं, "पाजू ना?"

"पाजूच नका असं कोण म्हणालं?" ते म्हणाले. मी गप्प. तेच म्हणाले, "अहो, आत्ता तुमच्या घरात सगळ्यात स्वच्छ पाणी कुठलं आहे?"

हे मला सुचलंच नव्हतं. आईच्या दुधात शंभरात सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. खाली टाकीत गटार शिरलेलं, वर जारमध्ये सात माणसांचं पाणी, आणि ज्या एका गोष्टीवर रात्रभर खटला चालला होता तीच एक घरात बिनधोक होती, उकळायला नको, बाटली नको, बूच नको, धुवायला पाणी नको. बाटलीने पीत असती तर काय केलं असतं हा विचार मी अजूनही पूर्ण करत नाही.

ते भराभर सांगत गेले आणि मी मनूच्या लसीकरणाच्या फाईलच्या पाठीवर लिहून घेत गेले. पाजत राहा, उलट नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा, फक्त एका वेळी थोडं. पाच मिनिटं, मग थांबा, परत पाच मिनिटं. ओकली तरी सगळं बाहेर येत नाही, आईचं दूध पोटातून लवकर पुढे सरकतं, काही ना काही आत राहतंच. मी लॅक्टोजचं विचारलं कारण ते मी कुठेतरी वाचलं होतं, की जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं आणि दुधातली साखर पचत नाही. म्हणाले की बरोबर आहे तुमचं, थोडे दिवस पचायला कमी पडू शकते, पण म्हणून अंगावरचं दूध थांबवायचं नसतं, बाळं ते निभावून नेतात आणि त्याच दुधात आतड्याला परत बरं करणाऱ्या गोष्टी असतात. मग एक सांगितलं ते ऐकून मला काटा आला. तुम्ही तिची शी साफ करताय म्हणजे ते जंतू तुमच्याही पोटात गेलेच आहेत, तुमच्या आतड्यातल्या पेशी ते ओळखतात, त्यातल्या काही छातीत जाऊन पोचतात आणि त्याच जंतूविरुद्धची प्रतिपिंडं दुधात उतरवतात. म्हणजे मी काहीही न करता, नुसती लंगोट बदलत बसले होते आणि आत कुठेतरी औषध बनत होतं.

रोटाव्हायरसचे तिन्ही डोस झालेले होते तिचे, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे, तेही मी रडक्या आवाजात सांगितलं. म्हणाले त्याने गंभीर आजार टळतो, जुलाब अजिबात होणार नाहीत असं नाही, आणि जुलाब करणारे बाकीचे विषाणू काय कमी आहेत?

शेवटी आवाज बदलून म्हणाले की आता नीट ऐका. सहा-आठ तास सू झाली नाही, टाळू खोल गेली, रडताना डोळ्यांत पाणी येईना, पोटाची चामडी चिमटीत धरून सोडली आणि ती हळूहळू खाली बसली, शीमध्ये रक्त दिसलं किंवा ती मलूल पडून प्यायलाच तयार नसली, तर पाणी बिणी काही बघायचं नाही, ट्रॅक्टर मिळो की एनडीआरएफची बोट मिळो, दवाखाना गाठायचा.

प्रवासाच्या पाऊचमध्ये ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या, दोन पुड्या सापडल्या. मासी प्रेमाने त्यांच्या भिजक्या फ्रिजमधून वाचवलेला एक टेट्रापॅक घेऊन आल्या, सफरचंदाच्या चवीचा, वर मोठ्या अक्षरात ओआरएस लिहिलेला. मी तो जवळजवळ फोडला होता. नवऱ्याने मागचे बारीक अक्षर टॉर्चने वाचलं आणि त्याला साखरेचा आकडा खटकला, म्हणाला ही पुडीच करू. नंतर कळलं की किती बरं केलं. साखर जास्त झाली तर ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष याच्यासाठी कित्येक वर्षं भांडत होत्या, शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, हुकूम काढला की जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात नसलेल्या पेयांवर ओआरएस हे नाव लावायचं नाही. बातमी वाचताना मला तो सफरचंदाचा डबाच आठवला.

आणि पुडीचं एक सांगते, अख्खी पुडी, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात घालायची, आमची लिटरची होती. चिमूटभर पावडर वाटीत कालवायची नाही, प्रमाण बिघडतं. पण लिटरभर पाणी! आमच्याकडे तेव्हा जारमध्ये असेल नसेल सहा-सात लिटर. आईंनी काही न बोलता पातेलं काढलं, मापाने लिटर मोजलं, गॅसवर उकळलं, फडक्याने झाकून गार करत ठेवलं. गॅस चालू होता ही एक कृपा. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्यायचं असतं, ते टाकताना आईंचा चेहरा बघवत नव्हता.

मग चमचा. प्रत्येक पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मिली, आणि ते एकदम नाही, मिनिट दोन मिनिटांनी एक चमचा. ओकली की दहा मिनिटं थांबायचं आणि परत, आणखी सावकाश. ऐकायला सोपं आहे. बुधवारी दिवसभर आणि रात्रभर मी नि नवरा पाळीपाळीने तेच करत होतो, पन्नास मिली म्हणजे चहाचे दहा चमचे, त्यातले चार तिच्या गळपट्टीवर. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात चमचा टेकवला की ती आधी जिभेने ढकलायची, मग चव कळली की गिळायची आणि माझ्याकडे असं बघायची की हे काय लावलंयस तू. डायपर नऊ होते, ते दुपारपर्यंत संपले. आईंनी जुन्या धोतराचे तुकडे फाडले. धुवायला पाणी नाही म्हणून गॅलरीत बादल्या लावल्या होत्या, पागोळ्यांचं पाणी. पाऊस पडत होता तोवर लंगोट धुता येत होते, म्हणजे ज्या पावसाला शिव्या घालत होतो त्याचीच वाट बघत होतो.

पुडीचा इतिहास मी पुढे कधीतरी वाचला. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी पिंपात मीठ आणि ग्लुकोज कालवलं आणि पाजायचं काम रुग्णांच्या घरच्यांच्याच हातात दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं, मरणोत्तर. ते वाचताना मला ती छावणी अगदी दिसली, पाऊस, चिखल, आणि कुठलीशी बाई चमचा धरून बसलेली. तिच्याकडे तर टॉर्च पण नसेल.

माझं माहेर दांडिया बाजारात. अकोटा-दांडिया बाजार पूल ओलांडला की घर, एरवी स्कूटरवर दहा मिनिटं, पण पुलापर्यंत जायला आमच्या गल्लीत गळ्याइतकं पाणी. माझी आई फोनवर नुसती "मीठमोहरी उतरून टाक गं" म्हणत होती. टाकली. नजर लागली असली तर असली, मीठ घरात भरपूर होतं.

बुधवारी रात्री मनूने जवळजवळ नवजात बाळासारखं पिणं सुरू केलं. वरचं सगळं सोडलं, नाचणी नाही, केळं नाही, फक्त अंगावर. दर पाऊण तासाने. अर्धं पिणं, अर्धं नुसतं तोंडात धरून झोपणं. मला असं वाटायला लागलं की मी आता रिकामी झालेय, पिळून ठेवलेल्या फडक्यासारखी. घसा कोरडा. जारमधलं पाणी आईंच्या ताब्यात होतं, प्रत्येकाला दिवसाला किती ग्लास ते त्यांनी ठरवलं होतं, मासींच्या मुलालाही सूट नव्हती. मी माझे संपवून बसले होते आणि मागायची लाज वाटत होती.

आई आल्या. अंधारात उशाशी ग्लास ठेवल्याचा आवाज झाला. "पी."

"तुमचं झालं?"

"मला तहान नाही लागत रात्री."

चूक. रात्री दोनदा उठून पाणी पिणारी बाई आहे ती, लग्न झाल्यापासून बघतेय मी, तांब्या कायम उशाशी. मी प्यायले. त्या तिथेच पलंगाच्या कडेला बसून राहिल्या, मी मनूला डावीकडून उजवीकडे घेतलं तर त्यांनी उशी सरकवून दिली. पाज म्हणाल्या नाहीत, नको पण म्हणाल्या नाहीत. जाताना एवढंच म्हणाल्या, "दही मात्र आता महिनाभर नाही."

गुरुवारी मलाही पोटात कळ आली. येणारच होती. नवऱ्याचा चेहरा उतरला, आता पाजायचं का? परत एक काडी नेटवर्क, परत फोन, डॉक्टर म्हणाले पाजायचं, हा आजार दुधातून जात नाही, हात साबणाने धुवा आणि त्याच पातेल्यातलं ओआरएस तुम्हीपण प्या. मी एका हाताने मनूला धरून दुसऱ्या हाताने तिचंच पाणी पीत होते. चवीला ते घामासारखं लागतं. तिने चमचा का ढकलला ते कळलं.

ओकणं गुरुवारी संपलं होतं, जुलाब चालूच होते पण लांबले होते. सूचं मात्र खरं नव्हतं. धोतराच्या तुकड्यात सू आणि पातळ शी वेगळी कळत नाही, हे कुठल्याच पुस्तकात नाही. मी प्रत्येक लंगोट हातात घेऊन तोलत होते, नाकाशी नेत होते, शेवटी लाज सोडून लंगोटात कापसाचा बोळा ठेवायला लागले, पुढच्या बाजूला. टाळूवर बोट फिरवून फिरवून मला खोल आहे की नाही तेच कळेना झालं, नवऱ्याच्या टकलावर पण एकदा फिरवून बघितलं. हसायला आलं, त्या चार दिवसांत पहिल्यांदा.

शुक्रवारी सकाळी पाणी उतरलं होतं, जिन्यावर गुडघाभर नाही पण घोट्याच्या वर चिखल. आईंनी मनूला लंगोटाशिवाय मांडीवर घेतलं होतं, बदलतच होत्या, आणि तिने धार सोडली. चांगली लांब धार, आईंच्या साडीवर, तिथून सतरंजीवर. आई हलल्या नाहीत. धार संपेपर्यंत मांडी तशीच धरून बसल्या, मग दाराशी जाऊन जिन्यात ओरडल्या, "मासी! सू करी! सू करी!" खाली मासी चिखल ओढत होत्या, त्यांनी झाडू वर करून दाखवला.

दुपारी दवाखान्यात नेलं. वजन साडेतीनशे ग्रॅमने उतरलेलं. झिंकचं औषध दिलं, रोज वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी मधेच बंद करायचं नाही म्हणून बजावलं. मोहरीसारखी पिवळी शी परत दिसली ती पुढच्या मंगळवारी. फोटो काढून नवऱ्याला ऑफिसात पाठवला, तो जेवत होता.

त्याच संध्याकाळी मी आत पाजत होते आणि बाहेर आईंचा पुण्याच्या नणंदेशी फोन चालला होता, पुराचं सगळं वर्णन, कपाट, मगर, जार. मग मनूचा विषय निघाला. पलीकडून काहीतरी विचारलं असावं, कारण आई जरा थांबल्या आणि मग ठणकावून म्हणाल्या, "छे छे, बंद कशाला करायचं? मी तर पहिल्या रात्रीपासून सांगत होते तिला, काही झालं तरी पाजणं सोडू नकोस. हो. आणि दही खाल्लं होतं ना तिने."